दोन घंटा

आमच्या लहानपणी नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकले, चकल्या-करंज्यांचा फराळ झाला, की आजोबा आम्हां नातवंडांची पलटण घेऊन घराबाहेर पडत. आधी काळारामाचे दर्शन, मग रामकुंडावर नमस्कार आणि परतताना नारोशंकराच्या देवळासमोर थांबणे, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला होता. देवळासमोर आले की ते हातातली काठी वर करीत आणि तटाच्या दर्शनी भागी टांगलेली प्रचंड घंटा आम्हांला दाखवीत.

"वाचा पाहू आकडा!"

खालून तो आकडा वाचता येणे शक्यच नव्हते. पण पाठ होता. आम्ही टाचा उंचावून ओरडत असू, "सतराशे एकवीस!"

"कुठली?"

"वसईची!"

"कोणी आणली?"

"मराठ्यांनी!"

ह्या तीन उत्तरांबद्दल प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पेढा पडे. आजोबा शाळेत इतिहास शिकवीत, आणि पेढा हातावर ठेवून शिकविलेला इतिहास विसरत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. तो खरा ठरला. आज सत्तरी ओलांडल्यावरही १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली हे मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, आणि जिभेवर पेढ्याची चव येते.

एका दिवाळीला मात्र त्यांनी एक नवीन गोष्ट सांगितली. "हिची थोरली बहीण गोव्याला आहे," ते म्हणाले. "तिला सोन्याची घंटा म्हणतात. ती काही आपल्या हाती लागली नाही." हे शेवटचे वाक्य ते इतक्या हळहळीने बोलले, की लिलावात थोडक्यात निसटलेल्या एखाद्या वस्तूबद्दल कोणी बोलावे. ती हळहळ माझ्याकडे वारसाहक्काने आली. ती थोरली बहीण एकदा पाहायची, हे मी तेव्हाच ठरविले होते. ठरविलेले घडायला साठ वर्षे लागली.

गेल्या फेब्रुवारीत योग आला. आम्ही तिघे गोव्याला निघालो आणि तिघांची तीन गोवे होती. आमच्या सौभाग्यवतींना मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करायची होती. दहा वर्षांच्या नातवाला समुद्राशिवाय दुसरे काही नको होते. मला ती घंटा पाहायची होती. शेवटी सकाळी देव, दुपारी घंटा आणि संध्याकाळी समुद्र असा तह झाला.

सकाळच्या देवदर्शनाचे वर्णन करीत बसत नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मंगेशी आणि शांतादुर्गा हे दोन्ही देव मूळचे फोंड्याच्या डोंगरातले नव्हेत. मंगेशाचे मूळ ठाणे कुठ्ठाळीला आणि शांतादुर्गेचे केळशीला. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपापले देव पालख्यांतून नदीपार नेले. मंगेश १५६० साली प्रियोळला गेला, शांतादुर्गा १५६६ च्या सुमारास कवळ्याला गेली. हे आकडे मनात ठेवा. कारण त्या दोन सालांच्या मध्ये, १५६२ साली, नदीच्या अलीकडे एका इमारतीचा पाया घातला जात होता. तीच इमारत पाहायला आम्ही दुपारी निघालो.

तिला गोव्यात नुसते 'से' म्हणतात. पोर्तुगीज भाषेतल्या ह्या एकाक्षरी शब्दाचा अर्थ आसन, गादी. आपण शंकराचार्यांचे पीठ म्हणतो ना, तसाच हा प्रकार. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते ते कॅथेड्रल, बाकीची साधी चर्चे. गोव्याला बिशपची गादी १५३४ साली मिळाली आणि १५५७ साली ती आर्चबिशपची झाली. एका काळी ह्या गादीची सत्ता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट चीनपर्यंत चाले. एवढ्या मोठ्या गादीला साजेसे घर हवे, म्हणून पोर्तुगालच्या राजाच्या खजिन्यातून हे काम निघाले. ते चालले किती दिवस? मुख्य इमारत उभी राहायला १६१९ साल उजाडले आणि विधिपूर्वक प्रतिष्ठा झाली १६४० साली. पाया खणताना जो पाथरवट पंचविशीत असेल, त्याच्या पणतवाने प्रतिष्ठा पाहिली असेल.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. जुन्या गोव्याबद्दल मी जे वाचले होते ते एका महानगराबद्दल होते. गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगीजांत म्हणच पडली होती. प्रत्यक्षात दिसली ती मोकळी हिरवळ, माडांची झाडे आणि त्यांत एकमेकांपासून फटकून उभी असलेली पाचसहा अवाढव्य चर्चे. शहर कुठे आहे? शहर नाहीच. साथींनी ते पोखरले. व्हाइसरॉयांनीही हळूहळू बिऱ्हाड हलवले, आधी पणेलीला आणि १७५९ साली पणजीला. १८४३ साली राजधानीचा मानही रीतसर पणजीकडे गेला. घरे, वाडे, बाजार, गोद्या सारे पडले आणि त्यांचा चिरा अन् चिरा लोकांनी उचलून नेला. उरली ती देवाची घरे. ज्या गावात माणसे नाहीत तिथे एवढ्या मोठ्या देवघरांनी काय करायचे, हा प्रश्न त्या इमारतींनाही पडला असावा, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

से चर्च समोरून पाहिले की पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखे वाटते. नातवाने ते चटकन ओळखले. "आजोबा, ह्याचा एक कान तुटलाय!" त्याचे खरे होते. दर्शनी भिंतीच्या दोन बाजूंना दोन मनोरे होते. उजवीकडचा, म्हणजे उत्तरेकडचा मनोरा १७७६ साली कोसळला. वीज पडून कोसळला असे सांगतात. तोवर गोव्याची लक्ष्मी निघून गेली होती, आणि तो पुन्हा बांधण्याचे कोणाला जमले नाही. तेव्हापासून अडीचशे वर्षे हे चर्च एकाच मनोऱ्यानिशी उभे आहे. माझ्या दृष्टीने सुदैव एवढेच, की राहिला तो मनोरा घंटेचा आहे.

इमारत जांभ्या दगडाची, वरून चुन्याचा पांढरा गिलावा. लांबी सुमारे अडीचशे फूट, रुंदी एकशे ऐंशी फुटांवर. बाहेरून ती इतकी साधी की कोणाला सरकारी कोठार वाटावे. पण आत पाऊल टाकले आणि आम्ही तिघेही आपोआप हळू बोलू लागलो. प्रचंड खांबांच्या दोन रांगा, दोन्ही बाजूंना लहान लहान देवघरांसारखी दालने, आणि पार टोकाला, दुपारच्या उजेडातही अंधारात पेटल्यासारखी दिसणारी सोनेरी मुख्य वेदी. छतापर्यंत चढत गेलेले ते लाकडी कोरीव काम, आणि त्यावर सोन्याचा मुलामा. त्यात सहा चित्रफलक बसविलेले आहेत. ते सेंट कॅथरिनच्या चरित्रातले प्रसंग आहेत.

ही कॅथरिन अलेक्झांड्रियाची. कथा अशी की ती विदुषी राजकन्या होती. बादशहाने तिला वादात हरविण्यासाठी पन्नास पंडित बसविले, तर तिने त्या पन्नासांनाच निरुत्तर करून आपल्या धर्मात घेतले. मग तिला चाकावर घालून मारण्याचा हुकूम झाला, ते चाक मोडले, आणि शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद केला. आमच्या सौभाग्यवतींनी ही हकीकत लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाल्या, "पन्नास पंडितांना हरवले तोवर ठीक होते हो. बाईने वादात जिंकले की चाक ठरलेलेच." ह्यावर मी काही बोललो नाही.

पण गोव्यात कॅथरिनला हे स्थान मिळाले ते तिच्या विद्वत्तेमुळे नव्हे, तिच्या तिथीमुळे. २५ नोव्हेंबर हा तिचा दिवस. १५१० साली नेमक्या त्याच दिवशी अफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे जिंकून घेतले. विजय तिच्या कृपेने झाला असे मानून त्याने लागलीच तिच्या नावाने एक साधेसे चर्च उभारले, आणि पुढे हे भव्य मंदिरही तिलाच अर्पण झाले. म्हणजे से चर्च हे नुसते देवाचे घर नव्हे, तो एक विजयस्तंभही आहे. हे ध्यानात आले तेव्हा मला थोडे बरेच वाटले. विजयाची खूण देवळावर टांगणारे काही आम्हीच एकटे नव्हतो!

बाप्तिस्म्याचे जुने दगडी कुंड पाहिले. सेंट फ्रान्सिस झेवियरने ते वापरले असे सांगतात. झेवियरचे शव समोरच्या बों जेझुस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे. दर दहा वर्षांनी ते मिरवणुकीने ह्या से चर्चमध्ये आणून लोकांच्या दर्शनासाठी ठेवतात, आणि त्या दिवसांत ह्या ओसाड गावाला पुन्हा महानगराची कळा येते. मागचा सोहळा २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपला. ह्या शवपेटीशी आपल्याही इतिहासाचा एक धागा गुंतला आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी जुव्याचा किल्ला घेतला. जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर इतका हवालदिल झाला की त्याने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या पायाशी ठेवला आणि आता तूच राज्य राख म्हणून करुणा भाकली. तिकडून मोगल शहाजादा शहा आलम कोकणात उतरला आणि महाराजांना परतावे लागले. गोवेकर ख्रिस्ती म्हणतात, संताने राखले. आपले इतिहासकार म्हणतात, मोगलांनी राखले. सोन्याची घंटा आपल्या हाती लागली नाही म्हणून आजोबा हळहळत, ती रात्र बहुधा हीच असावी.

बाहेर येऊन मी मनोऱ्याखाली उभा राहिलो. वर कमानीत ती दिसत होती. जाण्यास मज्जाव असल्यामुळे खालूनच पाहायची. पुन्हा टाचा उंचावल्या. साठ वर्षांनी, पण त्याच पद्धतीने. ती सोन्याची नाही, हे सांगायला नको. घंटा तांब्या-कथिलाच्या मिश्रणाची, काशाची असते. ही गोव्यातली सर्वांत मोठी घंटा, आणि तिचा नाद इतका भरदार आणि गोड की लोकांनी तिला सोन्याची ठरविली. नावे अशीच पडतात.

पण ह्या गोड नादाची आठवण गोव्यात सगळ्यांना गोड नव्हती. ह्या मनोऱ्यासमोरच्या चौकात पूर्वी एक मोठी इमारत होती. मुळात ती आदिलशहाच्या काळातली. तिथे १५६० साली इन्क्विझिशनची, म्हणजे धर्म तपासणाऱ्या न्यायालयाची, कचेरी आली. गोवेकर कोकणीत तिला 'व्हडलें घर' म्हणत, मोठे घर. तिचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येई. ते न्यायालय मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. १५६१ ते १७७४ एवढ्या काळात तिथे सोळा हजारांवर खटले झाले. आज तिथे त्या इमारतीचा एक चिराही दिसत नाही. मुले हिरवळीवर पळत होती आणि आमचा नातू त्यांत सामील झाला होता.

त्या मोठ्या घरात काय चाले, हे एका कैद्याने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव शार्ल देलाँ. तरुण फ्रेंच वैद्य, धर्माने कॅथलिकच. दमणला असताना मूर्तींबद्दल आणि बाप्तिस्म्याबद्दल काहीतरी मोकळेपणाने बोलला. १६७३ साली त्याला धरले आणि पुढच्या वर्षी गोव्याच्या कोठडीत आणून टाकले. १२ जानेवारी १६७६ च्या पहाटे सर्व कैद्यांना बाहेर काढले. देलाँ सांगतो की सूर्योदयाच्या थोडे आधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली. आज शिक्षा जाहीर होणार, मिरवणूक पाहायला या, अशी ती शहराला वर्दी होती. मग कैद्यांना अनवाणी रस्त्यांतून फिरवीत शेजारच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेले. देलाँच्या पायांतून रक्त निघाले. त्या मिरवणुकीत पेट्या होत्या. त्यांत आरोप शाबीत होण्यापूर्वी मेलेल्या माणसांच्या अस्थी होत्या, कारण त्यांनाही जाळण्याची शिक्षा होती. देलाँ जिवानिशी सुटला आणि १६८७ साली त्याने हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आपल्या अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, तेव्हा देलाँची ही साक्षही त्यात घेतली.

देलाँने ऐकलेली घंटा आणि ही वरची घंटा एकच, की मधल्या काळात बदलली, ह्या खोलात मी शिरलो नाही. मनोरा तोच आहे आणि तो मला पुरेसा होता.

त्या मनोऱ्याच्या सावलीत बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरी पाटलोण, हातात टोपी, बोटांत जपमाळ. मी इतका वेळ वर पाहतो आहे हे पाहून त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी सरकून जागा केली आणि विचारले, "खंयचे तुमी?"

"नाशिकचे," मी म्हणालो. आणि मग, आता सांगताना थोडी लाज वाटते, पण दहा वर्षांचा मुलगा माझ्या तोंडून बोलला. "आमच्याकडेही तुमच्या लोकांची एक घंटा आहे. वसईहून मराठ्यांनी आणलेली."

मला वाटले ते रागावतील, निदान गप्प बसतील. तसे काही झाले नाही. त्यांनी अगदी सहज, एखाद्या दूरदेशी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसे विचारले, "ती वाजता?"

वाजते का? मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. सतराशे एकवीस मला पाठ होते. वसई पाठ होती. पुराच्या दिवसांत आजी माजघरातून विचारी, "घंटेला पाणी लागले का रे?" तेही आठवत होते. पण त्या घंटेचा नाद? उभ्या जन्मात मी तो एकदाही ऐकला नव्हता. आजोबांनी तरी ऐकला होता की नाही, देव जाणे. त्यांच्या तीन प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

"मी कधी ऐकली नाही," मी खरे ते सांगितले.

"घांट वाजपाखातीर आसता, बाब," ते म्हणाले. घंटा वाजण्यासाठी असते. उपदेशाचा सूर नव्हता, नुसती हळहळ होती. आजोबांच्या हळहळीसारखीच, फक्त दुसऱ्या बाजूची.

मग मी थोडा धीर करून त्यांना विचारले की ही घंटा, हा मनोरा, ते मोठे घर, ह्या सगळ्यांबद्दल त्यांना काय वाटते? ते बराच वेळ बोलले, अर्धे कोकणीत, अर्धे मराठीत. सारांश मी माझ्या शब्दांत सांगतो. ते म्हणाले, तुम्ही समजता की ते न्यायालय तुमच्या लोकांसाठी होते. ते मुख्यतः आमच्या लोकांसाठी होते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावरच त्याचा खरा अधिकार. बाटलेला माणूस जुनी रीत सोडतो की नाही, हे ते पाहत. आमचे पणजोबा-खापरपणजोबा घंटा वाजली की दचकत, ते ह्यासाठी.

हे म्हणणे इतिहासाला धरून आहे. १७३६ साली ह्या न्यायालयाने एक लांबलचक फर्मान काढले. त्यातली कलमे वाचली तर आपण एखाद्या मराठी घरातल्या लग्नाची यादी वाचतो आहो असा भास होतो. लग्नात आपली वाद्ये वाजवायची नाहीत. पान-सुपारी आणि फुले पाठवायची नाहीत. बायकांनी गाणी म्हणत दळण-कांडण करायचे नाही. वधूवरांना हळद, तेल, नारळाचा रस लावायचा नाही. एकादशीला उपास नाही. दारात तुळस नाही. आणि भात शिजविताना त्यात मीठ घातलेच पाहिजे, कारण बिनमिठाचा भात करणे ही हिंदूंची रीत! एका साम्राज्याची सारी सत्ता, कोठड्या, शिपाई आणि ती मोठी घंटा, हे सगळे एका बाईच्या चुलीवरच्या भातात डोकावून पाहत होते. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला होता आणि त्या ऐकत होत्या.

"मग सगळे बंद झाले?" त्यांनी विचारले.

वृद्ध गृहस्थ हसले. गेल्याच महिन्यात त्यांच्या नातीचे लग्न झाले होते. लग्नाआधी घरी 'रोस' झाला. म्हणजे काय? तर नवरीला बसवून आप्तस्वकीयांनी तिला नारळाचे दूध लावायचे, गाणी म्हणायची आणि मग तिला न्हाऊ घालायचे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजही हा विधी होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अगबाई, ही तर आमची हळद!" आणि पुढची दहा मिनिटे रोस आणि हळद, नारळ आणि तेल, कोणती बाजू आधी, ह्यावर त्या दोघांचे जे संभाषण चालले त्यात मला काही स्थान नव्हते.

मी पुन्हा वर पाहिले. त्या घंटेने जे पुसून टाकायला लोकांना हाक मारली, ते तिच्या पायथ्याशी बसून बोलत होते. इन्क्विझिशन गेले, व्हाइसरॉय गेले, शहर गेले, एक मनोराही गेला. नारळाचे दूध राहिले. आणि ज्या लोकांना दरडावण्यासाठी ती टांगली गेली, त्यांच्याच वंशजांना आज तिचा नाद आपला वाटतो. ते तिला सोन्याची म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही.

घंटांचे दैव विचित्रच. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाचा मनोरा आज निम्मा उभा आहे. त्याची घंटा काही वर्षे आग्वादच्या दीपगृहावर राहिली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चवर गेली. वसईच्या घंटा तर साऱ्या महाराष्ट्रभर विखुरल्या. एक भीमाशंकराला, एक पालीच्या बल्लाळेश्वराला, एक नाना फडणिसांच्या मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे, आणि ती कृष्णेच्या घाटावर महादेवापाशी टांगलेली आहे. तिथल्या कोणाला त्यात खटकलेले मी ऐकले नाही. आई आणि मूल, त्यात खटकायचे काय? वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा आहे. तिथे मी पूर्वी गेलो होतो. त्या मनोऱ्याच्या कमानी रिकाम्या आहेत. तेव्हा अभिमानाने पाहिल्या होत्या. आता से चर्चच्या आवारात बसून त्या आठवल्या, तेव्हा रिकामेपण तेवढे आठवले.

ह्याचा अर्थ वसईचा विजय मला लहान वाटू लागला असा कोणी करू नये. दोन वर्षांहून अधिक चाललेल्या त्या मोहिमेत हजारो माणसे खपली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना चिमाजी आप्पांनी सन्मानाने जाऊ दिले. त्या पराक्रमाची खूण देवळावर टांगली हे योग्यच झाले. पण एक फरक मला त्या बाकावर बसून कळला. आपल्या देवळात घंटा हाताला लागेल अशी असते. जो येतो तो ती वाजवितो आणि देवाला म्हणतो, मी आलो. चर्चची घंटा उंचावरून साऱ्या गावाला बोलाविते. वसईहून आलेल्या त्या घंटेला आम्ही उंच टांगले, म्हणजे कोणाचा हात पोचत नाही, आणि गावाला बोलावण्याचे तिचे कामही काढून घेतले. तिला आम्ही मान दिला. आवाज मात्र दिला नाही.

ऊन उतरले तसा नातवाने समुद्राचा तगादा सुरू केला. आम्ही उठलो. वृद्ध गृहस्थांनी सौभाग्यवतींना हात जोडून नमस्कार केला आणि मला म्हणाले, परत गेलात की तुमच्या घंटेला सांगा, आम्ही विचारले होते.

मोटारीत बसेपर्यंत संध्याकाळचे टोल पडू लागले. आजोबांची थोरली बहीण अखेर बोलली. खरेच, नाद भरदार आहे. एक ठोका पुरता विरू न देता दुसरा येतो, आणि दोन्ही मिळून मांडवीवरून पलीकडे दिवाडीकडे जातात. त्या दिवाडी बेटावर कदंबांच्या सप्तकोटीश्वराचे देऊळ होते. तेही पाडले गेले, देव नार्व्याला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला. हे सारे नातवाला सांगावे म्हणून मी वळलो, तर तो खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होता. मी काही सांगितले नाही. ऐकू दिले.

नाशिकला परतल्यावर एकदा मी एकटाच नारोशंकराच्या देवळासमोर जाऊन उभा राहिलो. घंटा तिथेच होती. निरोप सांगितला. कोणी पाहिले नाही, हे बरे झाले.

ह्या दिवाळीला नातवाला तिथे नेणार आहे. अभ्यंगस्नान होईल, फराळ होईल, काळाराम, रामकुंड आणि मग ती घंटा. आजोबांचे तीनही प्रश्न विचारणार, कारण ते प्रश्न चांगले आहेत आणि त्यांची उत्तरे खरी आहेत. त्याचा पेढा मिळेल. पण मला माहीत आहे, गोव्याहून आल्यापासून चौथा प्रश्न त्याच्या ओठांवर आहे. तो मला विचारील, "आजोबा, ही वाजते का?"

त्या उत्तराचा पेढा मला मिळणार नाही.